दोन फूट आठ इंच

"कुठून मोजलं?"

सरांना कुठलाही आकडा सांगा, हा प्रश्न ठरलेला. जळगावहून धुळे नव्वद किलोमीटर, असं कुणी सहज म्हटलं की सर विचारत, "कुठून मोजलं?" बसस्थानकापासून की गावाच्या हद्दीपासून, याचा खुलासा झाल्याशिवाय गाडी पुढे सरकत नसे. आमच्या विभागातल्या शिपायाला नातू झाला. त्याने हौसेने पेढे वाटले आणि बाळ वीस इंचांचं आहे म्हणून सांगितलं. सरांनी पेढा तोंडात टाकला, अभिनंदन केलं, आणि विचारलं, "कुठून मोजलं?" त्या दिवसापासून शिपाई सरांच्या टेबलावर पाण्याचा तांब्या ठेवायला विसरू लागला.

असा एखादा माणूस तुमच्याही कचेरीत असेल. तो कामाला लागतो आणि बाकीचे त्याच्यापासून सावरण्याच्या कामाला लागतात.

आमचा विभाग भूशास्त्राचा. म्हणजे पृथ्वीच्या पोटात काय चाललंय ते शोधायचं. पण पृथ्वी कुठे पळून जात नाही, ती सहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा अंगावर घेऊन निवांत पडलेली आहे, तेव्हा आम्हीही घाई करत नसू. विभागात तेव्हा जोरात संशोधन चालू होतं. वर्षातून दोन राष्ट्रीय परिषदा आणि एक आंतरराष्ट्रीय परिषद भरे. आंतरराष्ट्रीय म्हणजे नेपाळहून एक गृहस्थ येत. एका वर्षी त्यांना यायला जमलं नाही, तर विभागप्रमुखांनी त्यांचं भाषण संगणकाच्या पडद्यावर ऐकवून परिषदेचं आंतरराष्ट्रीयत्व वाचवलं. एका खोलीत परदेशातून आणलेलं एक यंत्र होतं. दगडात कोणती मूलद्रव्यं किती आहेत ते सांगणारं. त्याला लागणारा थंडपणा आमच्या विजेला झेपत नव्हता, म्हणून ते चादर पांघरून होतं. दसऱ्याला मात्र त्याला न चुकता झेंडूचा हार घालत. पाहुण्यांना ती खोली दाखवण्याचा मान विभागप्रमुखांचा.

या सगळ्या प्रगतीत सर एक पोलादी टेप आणि खडूचा डबा घेऊन विहिरी मोजत फिरत.

पद्धत सोपी होती, आणि इतकी जुनी की कुणाला दाखवायची आम्हाला लाज वाटे. टेपच्या शेवटच्या काही फुटांना खडू फासायचा, टेप विहिरीत सोडायची, वर घ्यायची. जिथपर्यंत खडू ओला तिथपर्यंत पाणी. मग वजाबाकी. पाण्याला लागलं की पीं करणारं उपकरण आमच्या कपाटात होतं. सर ते वापरत नसत. ते म्हणत, खडू ओला झालेला मी डोळ्यांनी बघतो, पीं कोण करतं ते मला माहीत नाही.

प्रत्येक विहिरीवर सरांचा एक बाण असे. लाल तेलरंगाने काठावर काढलेला, टोक विहिरीकडे. मोजायचं ते त्या टोकापासूनच. आणि वहीत त्या विहिरीच्या पानावर सगळ्यात वर लिहिलेलं असे, काठाची जमिनीपासून उंची इतकी. मी नवा नवा कंत्राटी प्रकल्प सहायक म्हणून लागलो तेव्हा पहिले तीन महिने सरांनी मला फक्त बाण काढायला शिकवलं. एम.एस्सी.ला मला सुवर्णपदक होतं. त्याचा उपयोग बाणाचं टोक सरळ येण्यात किती झाला, हे सर फार सौजन्याने कधी बोलले नाहीत.

फिरतीवर त्यांना पाहणं ही करमणूक होती. डोक्यावर सुती टोपी, पायात वहाणा, खिशात हातोडी. दगड दिसला की फोडायचा, जिभेला लावायचा आणि मान डोलवायची. बघणाऱ्याला वाटावं, मीठ बरोबर पडलंय. एरंडोलला एका लग्नात जेवणाची पंगत बसली होती. सगळे शेवभाजीत बुडालेले, आणि वराचे मामा सरांना शोधत होते. सर मंडपामागे नव्या पायाच्या खड्ड्यात उतरून मातीचे थर मोजत होते. वर आले तेव्हा गुडघ्यापर्यंत पिवळे. मामांनी विचारलं, जेवण कसं झालं? सर म्हणाले, "वरचे चार फूट चांगले आहेत." मामांनी ते कौतुक समजून घेतलं.

त्यांच्या संशोधनाचा विषय सांगतो, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. धुळे जिल्ह्यात जमिनीतून काळ्या दगडाच्या लांबच लांब भिंती गेलेल्या आहेत. फार पूर्वी भेगांमधून लाव्हा वर येताना तिथेच उभा थिजला, त्या या भिंती. आम्ही त्यांना डाइक म्हणतो. गावातली माणसं कायी भित म्हणतात, आणि तेच जास्त बरोबर आहे. सरांचं म्हणणं असं, की जमिनीखालून उताराने जाणारं पाणी या भिंतीपाशी अडतं. निसर्गाने फुकट बंधारा बांधून ठेवलाय. मग वरच्या अंगाला नाल्यात एक लहानसा मातीचा बांध घातला, पावसाचं पाणी तिथे मुरवलं, तर भिंतीमागच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहील.

हे पटवायला त्यांना पंधरा वर्षं लागली. शेवटी साक्रीकडच्या एका गावात एक बांध झाला. त्याच्या खाली आणि भिंतीच्या वर अशी नेमकी एकच विहीर होती. ती नानांची. नाना म्हणजे गावातले जाणते गृहस्थ. दोन एकर कांदा, एक बैलजोडी आणि भरपूर शंका. बांध होत असताना ते रोज येऊन बसत आणि म्हणत, पानी काय तुम्हना आयकस का? सर म्हणत, आपण मेमध्ये मोजू.

बांधाआधीच्या मेमध्ये नानांच्या विहिरीचं पाणी बाणापासून तीस फुटांवर होतं. सरांनी स्वतः मोजलेलं. पुढच्या मेमध्ये, बांधानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, सरांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला. उन्हाळी सुट्टी होती, जळगावात शस्त्रक्रिया झाली, डोळ्यावर पट्टी. डॉक्टरांनी वाकायला बंदी केली. विहिरीत न वाकता टेप कशी सोडायची याच्या दोन युक्त्या सरांनी डॉक्टरांना सांगून पाहिल्या म्हणतात. शेवटी मला बोलावलं, टेप आणि वही हातात दिली, आणि जा म्हणाले.

मी मोटारसायकलने गेलो. पारोळ्यापर्यंत ऊन सहन झालं, पुढे डोकं चालेना. विहिरीवर पोहोचलो तर विहीरच बदललेली. आधी कमरेच्या वर येणारा जुना दगडी काठ होता. त्याच्या ढासळलेल्या भागातून कुणाची शेळी आत गेली, मग ग्रामपंचायतीने तो पाडला, बाजूने आठ इंचांचं सिमेंटचं नवं कडं बांधलं आणि वर लोखंडी जाळी बसवली. जुना काठ गेला, त्याच्याबरोबर सरांचा बाणही गेला.

आता माझी हुशारी पाहा. मी गडबडलो नाही. सरांनी इतकं शिकवलं होतं. गावात लाल तेलरंग मिळवला, नव्या कड्यावर नवा बाण काढला. टोक इतकं सरळ आलं की मीच दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. मग जाळीच्या झडपेतून टेप सोडली. सत्तावीस फूट. पुन्हा सोडली. सत्तावीस फूट.

मी तिथूनच सरांना फोन लावला. पाणी तीन फुटांनी वर आलंय, सर. मग ठरलेला प्रश्न आला.

"कुठून मोजलं?"

"बाणापासून, सर," मी म्हणालो. आणि त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

नव्या कड्याची उंची मी वहीत लिहिली नाही. लिहायची असते हे मला माहीत होतं. पण तीन फुटांचा आनंद झाला होता आणि ऊन होतं. सुवर्णपदकवाल्याला आणखी काय कारण हवं?

पुढचे आठ महिने आमच्या विभागात दिवाळी होती. दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालं, म्हणून पावसाळ्यानंतरचं मोजमापही मीच केलं, त्याच बाणापासून. तिथेही तीच सुखद वाढ. सरांनी शोधनिबंध लिहिला. विभागप्रमुखांना विहीर कुठल्या तालुक्यात आहे हे माहीत नव्हतं, पण निबंधावर पहिलं नाव त्यांचं लागलं, कारण नावं आडनावाप्रमाणे लावायची असतात असं त्यांनी सांगितलं. त्यांचं आडनाव वर्णमालेत सरांच्या बरंच नंतर येतं. वर्तमानपत्रात बातमी आली, विद्यापीठाच्या संशोधनाने पाणी तीन फूट वर. प्रवेशद्वारावर फलक लागला. त्यावर विभागप्रमुख टेप धरून उभे होते. टेप उलटी होती.

यातून खरी मोठी गोष्ट घडली ती अशी, की याच पद्धतीचे बांध आणखी अकरा गावांत घालायचं वरच्या पातळीवर ठरू लागलं. एक समिती नानांची विहीर बघायला येणार होती. ती हो म्हणाली की काम सुरू. सरांच्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती. त्या दिवसांत ते जिन्यावरून चढताना गुणगुणत. मी त्यांना त्याआधी कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं, आणि फार सुरेल होतं असंही नाही.

समितीच्या आदल्या दिवशी सर आणि मी एस.टी.ने तयारी बघायला गेलो. सरांना नव्या भिंगांनी स्वच्छ दिसू लागलं होतं, त्यामुळे रस्ताभर ते मला माझ्या शर्टावरचे डाग दाखवत होते. गावात मांडव पडला होता. नानांनी विहिरीभोवती सडा घातला होता. सर विहिरीपाशी गेले, जाळीकडे पाहिलं, मग बाणाकडे पाहिलं.

मला वाटलं, आता विचारतील. त्यांनी विचारलं नाही. पिशवीतून टेप काढली आणि कड्याची जमिनीपासून उंची मोजली. आठ इंच. मग वही उघडून जुन्या पानावर बोट ठेवलं. तीन फूट चार इंच. वजाबाकी करायला त्यांना पेन लागलं नाही. मलाही नाही. दोन फूट आठ इंच.

तीन फुटांच्या वाढीतले दोन फूट आठ इंच विहिरीच्या काठाचे होते. पाण्याचे होते चार इंच.

सर त्या सिमेंटच्या कड्यावर बसले. नानांनी हाक मारली, चहा आला, त्यांनी घेतला. काठ कधी बदलला, एवढंच त्यांनी नानांना विचारलं. पाडव्याच्या आधी, नाना म्हणाले. म्हणजे माझ्या मेच्या आधी. सरांनी मान डोलवली.

परतीच्या एस.टी.त मी बोलायला सुरुवात केली ती धुळ्याला आणि थांबलो पारोळ्याला. काय काय बोललो ते आठवलं की आजही कानशिलं तापतात. मी म्हणालो, समिती काही टेप आणणार नाही. मी म्हणालो, पुढच्या मेपर्यंत थांबू, कदाचित खरंच वाढेल. मी असंही म्हणालो की चार इंच काय आणि तीन फूट काय, वाढ ती वाढ, तत्त्व तर सिद्ध झालं. पुढच्या महिन्यात माझी कायम जागेची मुलाखत होती आणि ती घ्यायला विभागप्रमुख बसणार होते, हे मात्र मी बोललो नाही. ते बोलायची गरजही नव्हती.

सर खिडकीतून बाहेर पाहत होते. पारोळ्याच्या स्थानकात गाडी थांबली तेव्हा ते म्हणाले, "अकरा गावं बांध घालतील. पुढच्या मेला आपण टेप घेऊन तिथे जाणार. लोक विहिरीभोवती उभे राहतील. त्यांना काय वाचून दाखवायचं?"

जळगाव आल्यावर उतरताना ते एवढंच म्हणाले, "उद्या तू बोलायचं नाहीस. कुणी काही विचारलं तरी नाही."

दुसऱ्या दिवशी मांडवात सनई होती. विभागप्रमुखांनी चाळीस मिनिटं भाषण केलं, त्यात भगीरथ दोनदा आला. समितीतले लोक हार घालून बसले होते. गावातल्या बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, सगळे चांगले कपडे घालून आलेले. मग सर उठले. टोपी काढून हातात धरली आणि सरळ सांगून टाकलं. विहिरीचा काठ बदलला होता, नव्या काठाची उंची हिशेबात धरली नाही, वाढ तीन फूट नाही, चार इंच आहे. एका विहिरीच्या एका वर्षाच्या चार इंचांवर अकरा गावांत काम सुरू करावं असं आपण म्हणणार नाही. आणखी तीन उन्हाळे मोजू द्या.

सनईवाला नेमका तेव्हा काहीतरी वाजवू लागला, त्याला कुणीतरी थांबवलं.

समितीचे अध्यक्ष चष्मा काढून पुसत होते. त्यांनी विचारलं, "हे मोजमाप तुम्ही स्वतः केलं होतं?"

मी मांडवाच्या मागच्या बाजूला, प्रोजेक्टरची पेटी मांडीवर घेऊन बसलो होतो. माझ्या आणि सरांच्या मध्ये अख्खं गाव बसलेलं. एवढंच करायचं होतं, उठून उभं राहायचं.

"हो," सर म्हणाले. "मीच केलं."

पेटी जड होती, मी बसूनच राहिलो.

समिती जेवून गेली. अकरा गावांचं कागदावरचं काम तिथेच थांबलं. सर निघताना नाना त्यांच्या वाटेत येऊन उभे राहिले. ते रागावले नव्हते, त्यापेक्षा वाईट दिसत होते. "सर, आज इतलं खरं बोलानं काय काम व्हतं?" एवढं म्हणून ते गोठ्याकडे निघून गेले. सर तसेच उभे होते. त्या माणसाकडे सगळ्या प्रश्नांना एक प्रश्न असे, तो त्या दिवशी त्यांना सापडला नाही.

पुढे जे झालं ते आपल्याकडे होतं तसंच झालं. विभागप्रमुखांनी निबंधावरून स्वतःचं नाव काढून घेतलं. सरांनी निबंधच मागे घेतला. प्रवेशद्वारावरचा फलक उतरवला, त्याच्या मागच्या बाजूवर रक्तदान शिबिराची जाहिरात रंगवली. दोन जणांची चौकशी समिती नेमली, ती गावात जाऊन लोकांशी बोलून आली, आणि मोजमाप सरांनीच केलं होतं असा अहवाल देऊन मोकळी झाली. असा अहवाल कसा आला, याचा मी विचार केला नाही. आपल्या सोयीचं निघालं की माणूस खोलात जात नाही, आणि खोलात जाणं हाच माझा व्यवसाय आहे.

महिन्याभराने माझी मुलाखत झाली. विभागप्रमुख म्हणाले, तुमच्या वरिष्ठांच्या निष्काळजीपणातून तुम्ही धडा घेतला असेल. मी मान हलवली. जागा मिळाली.

सरांना सहकारी चार इंच सर म्हणू लागले. आधी मागे, मग पुढेच. सर हसत. निवृत्तीपर्यंत आणि त्यानंतरही, दर मे आणि ऑक्टोबरला ते एस.टी.ने जाऊन नानांची विहीर मोजत. पहिलं वर्षभर नाना त्यांच्याशी बोलत नव्हते म्हणे. मग बोलू लागले. मी कधी सोबत गेलो नाही. मला पेपर तपासायचे असत, परिषदा असत. आंतरराष्ट्रीय परिषदेचा निमंत्रक आता मी आहे. नेपाळचे गृहस्थ अजून येतात.

गेल्या वर्षी सर गेले. सकाळी फिरायला निघाले होते, रस्त्याकडेच्या खड्ड्याशी वाकले आणि पुन्हा उठले नाहीत. विभागात शोकसभा झाली. निवृत्त विभागप्रमुख मुद्दाम आले होते. त्यांनी सरांच्या साधेपणाचं कौतुक केलं, आणि माणूस म्हटलं की चूक आलीच, असं म्हणून चार इंचांचा किस्सा रंगवून सांगितला. शोकसभेत हसू नये म्हणून लोक खाली बघून हसले. माझ्याही तोंडावर काहीतरी आलं असावं. नंतर मी बोललो. सरांची शिस्त, सरांचा खडू. पाच मिनिटं बोललो. बोलायचं होतं ते एका वाक्याचं होतं, ते राहिलं.

आठवड्याने काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, मला घरी बोलावून वह्यांची पिशवी दिली. तुलाच द्यायच्या असं त्यांनी सांगून ठेवलं होतं, म्हणाल्या. मी घरी आणून ती मेची नोंद उघडली. मोजणाऱ्याचं नाव लिहायचा एक रकाना त्यांच्या वहीत असे. त्यात मी तेव्हा माझी सही केली होती. त्या सहीवर कागदाची पट्टी चिकटवलेली होती आणि पट्टीवर सरांची सही होती. पावसाळ्यानंतरच्या नोंदीवरही तशीच पट्टी होती. म्हणजे ज्या दिवशी सर जळगावात डोळ्यावर पट्टी बांधून पडले होते, त्या दिवशी वहीप्रमाणे ते साक्रीकडे विहिरीवर वाकून टेप सोडत होते. शेळीने काठ पाडायला लावला नसता तर या माणसाने जन्मात एक खोटी नोंद केली नसती. केली ती एवढीच, आणि ती माझ्यासाठी.

मला रडू आलं. ते लिहायला मला लाज वाटत नाही, लाज वाटण्यासारखं दुसरं पुष्कळ आहे.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून त्या गावाला गेलो. नाना आता थकलेत, काठी घेऊन चालतात. विहिरीच्या काठावर बसून मी त्यांना सगळं सांगितलं. ते मोजमाप सरांनी केलं नव्हतं, मी केलं होतं, चूक माझी होती, मांडवात मी मागे बसलो होतो. इतकी वर्षं मी कुणाला सांगितलं नाही. एका दमात बोललो आणि त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

नानांनी तंबाखू मळली, तोंडात टाकली.

"भाऊ, तुम्ही तो बाण काढत व्हतात, तवय रंगना डबा कोनी धरेल व्हता?" ते म्हणाले. "मीच धरेल व्हता."

मी त्यांच्याकडे पाहिलं. उन्हात, फोन लावायच्या घाईत, डबा कुणी धरलाय हे मी पाहिलंच नव्हतं.

नाना सांगू लागले. मांडवानंतर, चौकशीवाले यायच्या आधी, सर एकटे एस.टी.ने आले होते. घरोघर गेले. नाना त्यांच्याशी बोलत नव्हते, तरी त्यांच्याही ओट्यावर बसले. एकच गोष्ट मागत होते. कुणी विचारलं तर मोजायला सरच आले होते असं सांगा. पोराची नोकरी लागायची बाकी आहे.

"बठ्ठा गावले माहीत शे," नाना अख्ख्या गावावरून काठी फिरवत म्हणाले. "लहान पोऱ्यासले बी माहीत शे." आणि चहा सांगायला काठी टेकत घराकडे गेले.

त्या गावात मी मधल्या वर्षांत दोनदा गेलो होतो. विद्यापीठाच्या जनजागृती मोहिमेत. अडाणी लोकांना भूजल समजावून सांगायला. ते पुढे बसून, मान डोलवत, माझं व्याख्यान शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे.